लाकडाची गौर

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या कार्यवाहांनी मला व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा मी "लाकडी मूर्ती" असं सांगितलं. ते जरा विचारात पडले. म्हणाले, "वहिनी, गणपतीत लाकूड कशाला? शाडूच्या मूर्तीवर बोला, पर्यावरणावर बोला." मी म्हटलं, मी गणपतीच्या आईवडिलांबद्दलच बोलणार आहे. कारण आपण ज्या शहरात राहतो तिथल्या कितीतरी घरांत शंकर-पार्वती लाकडाचे आहेत. गण म्हणजे शंकर, गौर म्हणजे गौरी. गणगौर. इथले लोक शंकराला ईसर म्हणतात, म्हणजे ईश्वर.

मी लग्न होऊन जयपुरात आले तेव्हा मला या शहराची एकच मूर्ती माहीत होती, ती म्हणजे संगमरवराची. आपल्या महाराष्ट्रात गावात नवं देऊळ बांधलं की राम-सीता, विठ्ठल-रखुमाई, नाही तर दत्त, "जयपूरहून मागवलेत" असं कौतुकानं सांगतात. खजानेवालों का रास्ता तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. पांढरी धूळ, छिन्नीचा आवाज, आणि ओळीनं उभे असलेले देव. त्याच शहरात लाकडाचेही देव आहेत हे कळायला मला बरीच वर्षं लागली, कारण ते दुकानात दिसत नाहीत. ते घरात असतात, वर्षभर कापडात गुंडाळून ठेवलेले, आणि होळी झाली की बाहेर निघतात.

सण थोडक्यात सांगते. होळीच्या दुसऱ्या दिवशी, इथल्या पंचांगाप्रमाणे चैत्र कृष्ण प्रतिपदेला, म्हणजे आपल्या हिशोबानं फाल्गुन वद्य प्रतिपदेला, गणगौरीची पूजा सुरू होते. कुमारिका आणि नवविवाहिता सकाळी दूर्वा आणि फुलं आणतात, होळीच्या राखेच्या पिंड्या करतात, जव पेरतात. लग्नानंतरची पहिली गणगौर मुलीनं माहेरी पुजायची. आदल्या दिवशी सिंजारा, म्हणजे सासरहून कपडे आणि मिठाई येते. घेवर तर हवाच. आणि चैत्र शुद्ध तृतीयेला सांगता.

आता ही तिथी लक्षात घ्या. चैत्र शुद्ध तृतीयेलाच आपल्याकडे चैत्रगौर पाळण्यात बसते. आंब्याची डाळ, पन्हं, हळदीकुंकू, आणि अक्षय तृतीयेपर्यंत तिचा मुक्काम. म्हणजे गौर ज्या दिवशी राजस्थानातून निघते त्याच दिवशी महाराष्ट्रात पोचते! हा माझा विनोद आहे, शास्त्रार्थ नव्हे. पण आमच्या घरी मी चैत्रगौर मांडते त्याच संध्याकाळी त्रिपोलियातून गणगौरीची स्वारी निघते आणि माझी दरवर्षी तारांबळ उडते, हे मात्र खरं.

या लाकडी गौरीत पाहण्यासारखं काय असतं? मी शाळेत चित्रकला शिकवत होते, त्यामुळे माझी नजर आधी घडणीकडे जाते. गौरीचा आणि ईसराचा चेहरा मोठा, डोळे आणखी मोठे, कानापर्यंत ओढलेले. ईसराला झोकदार मिशा आणि पगडी. धड मात्र साधं. ते घाघरा-ओढणीनं झाकलं जाणार आहे हे सुताराला ठाऊक असतं, मग तो तिथे वेळ घालवत नाही. हात बहुधा वेगळे करून खुंटीनं जोडलेले, म्हणजे कपडे चढवता येतात. लाकडावर आधी खडीचा पांढरा अस्तर, त्यावर रंग, आणि रंगातच काढलेले दागिने. आपल्या ज्येष्ठागौरी आठवा. मुखवट्यावर सगळं लक्ष, खाली स्टँड किंवा डबे, वरून नऊवारी. युक्ती तीच आहे.

या कामाचं मोठं गाव म्हणजे चित्तोडगड जिल्ह्यातलं बस्सी. आपल्या जयपूरजवळही एक बस्सी आहे, ती ही नव्हे. प्रभात सुथार नावाच्या कारागिराला तिथल्या रावतानं मालपुऱ्याहून आणून वसवलं आणि त्यानं सन 1652 मध्ये पहिली मोठी गणगौर घडवली, अशी परंपरा सांगतात. तेव्हापासून तिथले सुथार-जांगिड गणगौरी करतात, बेवाण करतात, म्हणजे देवाची लाकडी मखरं, आणि कावड करतात. कावड म्हणजे दारांमागून दारं उघडत जाणारं छोटं लाकडी देऊळ. कावडिया भाट ते काखेत घेऊन यजमानाच्या घरी जातो, एकेक दार उघडून गोष्ट सांगतो. मुंबईच्या आयआयटीत शिकवलेल्या नीना सबनानी यांनी या कावडीवर मन लावून काम केलं, फिल्म केली, पुस्तक लिहिलं. बिकानेरकडे गणगौरी रंगवण्याचं काम मथेरण लोक करतात. म्हणजे घडवणारा एक आणि रंगवणारा दुसरा, असंही असतं.

आणि हा रंग एकदाच लागत नाही. सण जवळ आला की जुन्या गणगौरी पुन्हा रंगाऱ्याकडे जातात. मला या विषयात जे काही म्हणायचं आहे ते इथूनच सुरू होतं. शाडूचा गणपती आपण आणतो, दहा दिवस ठेवतो आणि पाण्यात सोडतो. तो मातीचा, मातीला मिळतो, त्याची पुढची काळजी नाही. संगमरवराची मूर्ती एकदा बसवली की पिढ्यान्‌पिढ्या तशीच. लाकडाचं तसं नाही. लाकूड फुगतं, आकसतं, तडकतं, त्याला वाळवी लागते, रंगाचे पोपडे निघतात. त्याच्याकडे कोणीतरी सतत बघावं लागतं. तृतीयेला मातीच्या गौरी विसर्जित होतात, पण लाकडी गौरीला पाण्याच्या काठी नेतात, पाणी पाजतात आणि घरी परत आणतात. पुढच्या वर्षी तीच, नव्या रंगात, नव्या ओढणीत. म्हणून मला वाटतं, सुतार तिला अर्धीच घडवतो. उरलेली अर्धी घरातल्या बायका घडवतात, आणि ते काम संपत नाही.

हे मला नीट कळलं ते जरा लांबच्या वाटेनं, आफ्रिकेवरून. आता तुम्ही म्हणाल बाई कुठे निघाल्या. पण ऐका.

पश्चिम आफ्रिकेत, नायजेरियाच्या नैऋत्य भागात, योरुबा लोक राहतात. जगात सर्वांत जास्त जुळी मुलं ज्या लोकांत जन्मतात त्यांत योरुबा येतात. त्यांच्या इग्बो-ओरा गावाला तर जुळ्यांची राजधानीच म्हणतात. आधी जन्मलेलं मूल तायवो, मागून आलेलं केहिंदे. गंमत म्हणजे मागून आलेलं थोरलं मानतात. थोरल्यानं धाकट्याला आधी पाठवलं, जा, जग कसं आहे बघून ये! जुळी मुलं अशक्त, त्यांतलं एखादं जायचं. जुळ्यांचा जीव एकमेकांत गुंतलेला, एक गेलं तर दुसऱ्यालाही ओढ लागेल ही धास्ती. मग दैवज्ञाला विचारून सुताराकडून एक लाकडी मूर्ती करून घ्यायची. साधारण वीतभर किंवा थोडी मोठी. तिला म्हणायचं इबेजी. गेलेल्या बाळाचा जीव तिच्यात राहतो अशी श्रद्धा.

आणि मग आई त्या मूर्तीचं सगळं करते. न्हाऊ घालते, तेल लावते, लाल लाकडाची पूड चोळते, मणी आणि कवड्या घालते, जिवंत मुलाला भरवताना तिलाही भरवते. केसांना निळा रंग लावतात. आधी वनस्पतीची नीळ असायची, पुढे बाजारात कपड्यांची नीळ मिळू लागली तेव्हा ती. रेकिटची नीळ. आपल्या घरी धुण्याच्या दिवशी रॉबिन नीळ निघायची ना, त्याच कंपनीची! जगात कुठे कुठे काय पोचतं.

एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. बाळ गेलं तान्हं, पण मूर्ती तान्ह्या बाळाची नसते. ती पूर्ण वाढलेल्या बाईची किंवा पुरुषाची असते, केशरचनेसकट. जे मोठं व्हायचं राहिलं ते लाकडात मोठं करून दिलेलं. डोकं शरीराच्या मानानं खूप मोठं, कारण माणसाचं नशीब डोक्यात असतं असं ते मानतात. आपण कपाळात लिहिलेलं म्हणतो, तसंच काहीसं. घडण मात्र गणगौरीहून वेगळी. हात वेगळे करून जोडायचे नाहीत, सगळी आकृती एका ओंडक्यातून. हत्यार मात्र आपल्या सुताराच्या ओळखीचं, वाकस. इकडचे सुतार त्याला बसूला म्हणतात. आधी मोठमोठे आकार वाकसानं, मग सुरीनं गुळगुळीत करणं आणि शेवटी बारीक रेषा.

रोज धुऊन, चोळून, भरवून वीस-तीस वर्षांत त्या मूर्तीचं नाक-डोळे झिजतात. चेहरा इतका गुळगुळीत होतो की नुसता उंचवटा उरतो. आणि युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकांना नेमक्या अशाच मूर्ती आवडतात. म्हणतात, काय सुंदर झीज आहे! हजारो इबेजी गेल्या शतकात घराबाहेर पडून संग्रहांत गेल्या. घरातले लोक ख्रिस्ती किंवा मुसलमान झाले, आया वारल्या, पैशाची गरज होती, कारणं अनेक. बाहेर गेल्यावर त्यांना "शिल्प" हे नाव मिळालं. मातेच्या तळहातानं झालेलं काम किमतीत धरलं गेलं, पण तिच्या हाती त्यातलं किती पडलं हे सांगायला नको.

घडवणाऱ्याचं नावही असंच पुसलं जायचं. ओलोवे नावाचा मोठा कारागीर तिथे होऊन गेला, 1938 मध्ये वारला. इकेरेच्या राजवाड्यासाठी त्यानं केलेली कोरीव दारं 1924 च्या लंडनमधल्या वेम्बली प्रदर्शनात मांडली गेली आणि तिथून ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. दारांचं कौतुक झालं, ती कोणी केली हे मात्र जगाला पुष्कळ उशिरा कळलं. शेजारच्या डाहोमे राज्याची गोष्ट तर अजून कडू आहे. फ्रेंच सैन्यानं 1892 मध्ये राजधानी घेतली आणि राजांच्या लाकडी प्रतिमा पॅरिसला नेल्या. गेझो राजा पक्ष्याच्या रूपात, ग्लेले सिंहाच्या, बेहान्झिन शार्क माशाच्या. त्या परत मिळवण्यासाठी बेनिन देशानं पाठपुरावा केला आणि नोव्हेंबर 2021 मध्ये एकूण 26 वस्तू मायदेशी आल्या. त्यावर माती दियोप या दिग्दर्शिकेनं केलेल्या "डाहोमे" चित्रपटाला 2024 मध्ये बर्लिनला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्यात गेझोची मूर्ती स्वतः बोलते. मिळाला तर जरूर पाहा.

आता परत आपल्या गल्लीत येऊ.

आमच्या शेजारी एक ताईजी राहायच्या. आपल्यातली ताई नव्हे, इकडे मोठ्या काकूला ताईजी म्हणतात. त्यांच्या घरात त्यांच्या आजेसासूच्या वेळची ईसर-गणगौरीची जोडी होती. उंची दोन-सव्वादोन फूट. ताईजींचे यजमान गेले, मुलगा नोकरीला पुण्यात. आपण मराठी माणसं जयपुरात आणि त्यांची मुलं हिंजवडीत, असा सगळा मामला आहे. जुनं घर विकायचं ठरलं. तेव्हा जोडीचं काय करायचं हा प्रश्न आला. घर बघायला आलेल्या कोणाच्या तरी ओळखीनं एक व्यापारी आला. त्यानं जोडी उलटसुलट करून पाहिली, किंमत सांगितली, आणि जाताना म्हणाला, "माँजी, यंदा रंग देऊ नका. रंग दिलात तर भाव पडेल."

ताईजी माझ्याकडे आल्या. "तू चित्रकलेची बाई. सांग, हा खरं बोलतो का?"

व्यापारी त्याच्या परीनं खरंच बोलत होता. जुना थर, तडे, उडालेला रंग, यालाच त्याच्या बाजारात मोल. पण ताईजींच्या घरात जोडीला रंग न देता सण करणं म्हणजे मुलीला जुन्या कपड्यात मांडवात बसवण्यासारखं. त्यांच्या सासूनं दिलेला रंग, त्याखाली आजेसासूनं दिलेला, असे किती थर असतील. योरुबा आईनं चोळून चोळून चेहरा पुसला आणि इथल्या बायकांनी थरावर थर देऊन चेहरा राखला. दोन्हीकडे माया तीच. एकीकडच्या झिजेला बाजारानं डोक्यावर घेतलं आणि दुसरीकडच्या ताज्या रंगाला नाक मुरडलं. बाजाराच्या रसिकतेवर माझा फारसा विश्वास नाही, तो यामुळे.

मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या, त्या तुम्हालाही सांगून ठेवते, कारण आपल्यापैकीही अनेकांच्या घरी जुने देव आहेत. पहिली कायद्याची. 1972 चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, मग ती लाकडाची का असेना, पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर खासगीरीत्या नेता येत नाही. तेव्हा दारात आलेल्या माणसाकडे परवाना आहे का, हे आधी विचारा. दुसरी गोष्ट माझ्या मताची. विकणं पाप आहे असं मी म्हणत नाही. म्हातारपणी पैसा लागतो. पण देव्हाऱ्यातून दिवाणखान्यात गेलेल्या मूर्तीकडे पुढे कोणी नीट बघत नाही. कोपऱ्यात दिवा सोडायचा, फोटो काढायचा, संपलं. तिला पाणी पाजणारं कोणी नसेल.

ताईजी काही बोलल्या नाहीत. फाल्गुन संपता संपता जोडी रंगाऱ्याकडे गेली तेव्हा मला उत्तर कळलं. रंगारी सगळं काम करून डोळ्यांची बुबुळं शेवटी काढतो, तेव्हा मीही बघायला गेले होते. दोन ठिपके पडले आणि ईसर एकदम आमच्याकडे बघू लागला! पुढे घर विकलं गेलं आणि जोडी मुलाबरोबर ट्रकमधून पुण्याला गेली. वाटेत गौरीच्या हाताची खुंटी हरवली. सोसायटीतल्या फर्निचरच्या मिस्त्रीनं नवी बसवून दिली, सागाची. सुनेनं फोनवर सांगितलं, शेजारच्या बायका चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला येतात आणि विचारतात, ही गौर उभी का? पाळणा कुठे?

लाकूड टिकत नाही म्हणून देव लाकडाचा करायचा नाही असं आपल्या लोकांनी कधी मानलं नाही. पुरीचा जगन्नाथ बघा. कडुनिंबाच्या लाकडाचा. काही वर्षांनी, अधिक आषाढ येतो तेव्हा, जुनं शरीर पुरतात आणि नव्या लाकडाचं शरीर करतात. नवकलेवर. मागचं 2015 मध्ये झालं, त्याआधीचं 1996 मध्ये. मेळघाटातले कोरकू लोक गेलेल्या माणसासाठी लाकडी फळी कोरतात, वर सूर्य-चंद्र, खाली घोडेस्वार. त्याला मुंडा म्हणतात. ती उन्हापावसात उभी असते आणि हळूहळू जाते. आपल्या जयपूरच्या कठपुतळ्या तर तुम्ही पाहुण्यांसाठी हटकून विकत घेता. नागौरकडचे भाट लोक त्या नाचवतात, अमरसिंह राठोडाचा खेळ करतात. पण खेळातली बाहुली अगदी जुनी झाली की भाट ती उकिरड्यावर टाकत नाहीत, प्रार्थना करून पाण्यात सोडतात. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपला अनंत चतुर्दशीचा हौद आठवला.

माझा वेळ संपत आलाय, कार्यवाह घड्याळ दाखवताहेत, आणि आरतीचं ताट तयार आहे. एकच सांगते. आपल्यापैकी बरेच जण इतकी वर्षं जयपुरात राहून गणगौरीची स्वारी टीव्हीवर बघतात. यंदा चैत्रात प्रत्यक्ष जा. तृतीया आणि चतुर्थी, दोन दिवस संध्याकाळी स्वारी निघते. एरवी बंद असलेला त्रिपोलिया दरवाजा त्या दिवशी उघडतो. हत्ती, उंट, बँड, आणि पालखीत गौर. तिथून छोटी चौपड, गणगौरी बाजार, चौगान असं करत ती तालकटोऱ्याकडे जाते. तिथलंच पौंड्रिक उद्यान. पौंड्रिक म्हणजे पुंडरीक रत्नाकर भट्ट, सवाई जयसिंहांचे गुरू, आपले महाराष्ट्रीय. तेव्हा आपण अगदीच परके नाही. आणि एक पाहून या. जयपूरच्या स्वारीत गौर एकटीच असते. ईसर फार पूर्वी दुसऱ्या संस्थानाच्या लोकांनी पळवून नेला असं सांगतात. तो परत आलेला नाही, तरी ती दरवर्षी नटून निघते. गर्दी खूप असते, चारच्या आत जागा धरा, लहान मुलांना पाणी बरोबर द्या.

गणपती बाप्पा मोरया!